दगडी बरण्यांची वाघीण

पार्सल आलं तेव्हा आबांनी ते हातात घेतलंच नाही. पोस्टमनला उंबऱ्याबाहेर उभं ठेवून त्यांनी आधी सुतळी बघितली.

"ही गाठ साहेबाची न्हाई," ते म्हणाले. "साहेब सुतळीला दोन फेरं घालायचा. ह्येला एकच हाय. कुणीतरी सोडून पुन्ना बांधलंय."

"कस्टमवाल्यांनी उघडलं असंल, आबा," पोस्टमन म्हणाला. "परदेशातनं आलंय न्हवं."

"मग आदी मोजतो. सही मागनं."

पोस्टमनला अजून सगळ्या गल्लीत टपाल वाटायचं होतं, पण माझ्या वडिलांपुढं त्याचं काही चाललं नाही. आबांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. पार्सलात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि डब्यात कागदाच्या पुड्यांत बांधलेले राखाडी धातूचे तुकडे. सोबत एक इंग्रजी कागद होता. त्याच्या एका बाजूला नकाशा होता, दुसऱ्या बाजूला यादी. मी यादी वाचत गेले आणि आबा डाव्या हातानं एकेक तुकडा उचलून ओळीत मांडत गेले. चाकं चार, आस दोन, चाकांना धरणारे पाय चार, टकरा झेलायचे बफर चार, ब्रेकचा दांडा एक, तळ, कडेच्या फळ्या, साखळ्या. आणि शेवटी सुपारीएवढ्या बरण्या बारा, त्यांची झाकणं बारा. सगळं बरोबर निघालं. आबांनी डाव्या हातानं सही केली आणि पोस्टमन सुटला.

तो जिना उतरून गेल्यावर आबा म्हणाले, "कायबी कमी न्हाई. म्हंजे बघून, समजून घिऊन मग सोडलंय."

हे पासष्ट साली घडलं. आम्ही तेव्हा सांगलीत राहत होतो. मला तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी लागली होती, म्हणून आम्ही दोघं कऱ्हाडहून आलो होतो. आई त्याआधीच गेली होती. वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि खाली एक पेन्शनीत निघालेले हवालदार राहायचे.

आबांनी सगळी नोकरी रेल्वेत केली. पाटणजवळच्या आमच्या गावातून ते पोर्टर म्हणून लागले आणि परीक्षा देत देत मालबाबू झाले. आमच्या समाजातला माणूस मालधक्क्याच्या टेबलावर बसतो हे पुष्कळांना खुपायचं. एखादं पोतं कमी भरलं, एखाद्या पेटीचा पत्रा वाकलेला दिसला, की सगळ्यांच्या नजरा आधी आबांकडं जायच्या. धर्मांतरापूर्वी जायच्या, नंतरही जायच्या. म्हणून मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं आणि मोजताना कुणीतरी समोर पाहिजे, ही त्यांनी स्वतःला लावून घेतलेली शिस्त होती. निवृत्तीनंतर लकव्याचा झटका येऊन त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली, पण ही सवय काही गेली नाही. आमच्या घरात काड्यापेटीतल्या काड्यासुद्धा आबांना ठाऊक असायच्या.

साहेब म्हणजे इंग्रजांच्या काळात या लाइनीवर माल-तपासणीला असलेले इन्स्पेक्टर. स्वातंत्र्य आलं तेव्हा ते मायदेशी परत गेले, पण दर नाताळात त्यांचं कार्ड यायचं आणि उलट टपाली आबांचं पत्र जायचं. झटक्यानंतर ती पत्रं मी लिहायचे. या पत्रांतून दोघांचं एक जुनं भांडण चालू होतं. मालधक्क्यावर कधीकधी तेजाबाची, म्हणजे ॲसिडची, भांडी यायची. पेंढ्यात ठेवलेली ती भांडी साध्या डब्यात आदळून फुटायची आणि तळाच्या फळ्या जळून काळ्या पडायच्या. साहेब एकदा म्हणाले होते, "आमच्याकडे तेजाबासाठी मालगाडीला वेगळी वाघीण, वेगळा डबाच असतो. उघडी, आणि तिच्यात दगडी बरण्या ओळीनं घट्ट बसवलेल्या." आबांना ही शुद्ध थाप वाटली होती. लोणच्याच्या बरण्या कुणी उघड्या वाघिणीत भरून गाडीला जोडतं का? अठरा वर्षं आबा पत्रातून तेच लिहायचे आणि साहेब अठरा वर्षं शपथेवर सांगायचे. म्हातारपणी साहेबांना लहान-लहान आगगाड्या करायचा नाद लागला, आणि अखेर त्यांनी पुरावा म्हणून हा डबा धाडला. जोडून बघा आणि मग बोला, असं सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं.

तुकडे चिकटवता येतील किंवा कथील वितळवून झाळता येतील, असं कागदावर होतं. मी चिकटवू या म्हणाले.

"वाघीण डिंकानं चिकटवत्यात व्हय?" आबा म्हणाले. "झाळायची."

झाळकाम करणारे चाचा बाजाराच्या मागच्या बोळात बसायचे. भांड्यांना कल्हई, गळक्या बादल्यांना झाळ, स्टोव्हची आणि कंदिलाची दुरुस्ती, अशी सगळी कामं ते करायचे. पन्नाशीचे, शिडशिडीत, भुवया कायमच्या जळालेल्या. बोळातले सगळेच त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचे. आबा मात्र त्यांना काहीच म्हणत नसत. ते काठी टेकत माझ्याबरोबर आले, दुकानासमोर उपड्या घातलेल्या एका डब्यावर बसले आणि चाचांच्या हातांवर नजर लावून राहिले.

चाचांनी एक तुकडा नखानं ओरखडून बघितला, वजन घेतलं, ओतताना कडेला उरलेली धातूची पातळ जीभ चिमट्यानं तोडली आणि तिला तापलेली सळई नुसती जवळ नेली. जीभ गोळा होऊन टपकन पडली.

"ह्यो धातू लोण्यागत हाय, बाबूजी," ते आबांना म्हणाले. "कथील जास्त, शिसं थोडं. माझ्या नेहमीच्या सळईनं ह्येचं पाणी हुईल."

"मग?"

"मग सळई निववून काम करायचं. येळ लागंल."

साहेबांनी लवकर वितळणाऱ्या झाळेची एक बारीक कांडी डब्यात दिली होती. चाचांनी ती बघितली आणि खुश झाले. ते सळई भट्टीतून काढायचे, ओल्या फडक्यावर टेकवायचे, चर्र आवाज बंद झाला की एक-दोन-तीन म्हणायचे आणि मग कांडीला लावायचे. सांध्यावर एवढासा थेंब सरकायचा आणि चकाकून थिजायचा. चारही चाकं एका पातळीत आहेत का हे बघायला ते वाघीण आरशाच्या तुकड्यावर ठेवायचे. पहिल्या दिवशी चौथं चाक हवेत राहिलं. त्यांनी न कुरकुरता सांधा परत सोडवला आणि परत झाळला.

आबा रोज डबा स्वतः घेऊन जायचे आणि रोज परत आणायचे. दुकानात एक तुकडासुद्धा ठेवायचा नाही. निघताना मोजायचं, घरी आल्यावर पुन्हा मोजायचं. चाचांना ते कळत होतं. एकदा आबा मोजत असताना चाचा माझ्याकडं बघून नुसते हसले होते आणि मला फार ओशाळं वाटलं होतं.

मग पाकिस्तानशी लढाई पेटली. सरहद्द आमच्यापासून शेकडो मैल लांब, पण रेडिओभोवती माणसं जमायची आणि गल्लीत रोज नवी बातमी उठायची. अमक्या ठिकाणी हवाई छत्रीनं माणूस उतरला. तमक्या ठिकाणी फकिराच्या झोळीत यंत्र सापडलं. सातारा जिल्ह्यातली कितीतरी पोरं आघाडीवर होती. खालच्या हवालदारांचा पुतण्याही होता. हवालदार गळ्यात शिट्टी घालून गल्लीच्या तोंडाशी उभे राहायला लागले आणि अनोळखी माणसाला थांबवून कुठला, कुणाकडं आलास, असं विचारायला लागले. त्यांना कुणी नेमलं होतं असं नाही.

त्याच आठवड्यात आबांना ताप भरला. अंथरुणातून त्यांनी मला सांगितलं, "आज तू जा. डबा सोडून हलू नगंस." पण मला कॉलेजला जायचं होतं. वाघिणीचा सांगाडा जवळजवळ झाला होता, कडेच्या फळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. मी सकाळी डबा आणि कागद चाचांकडं ठेवला आणि संध्याकाळी नेते म्हणाले. मात्र दोन बरण्या आणि दोन झाकणं काढून पदराच्या टोकाला बांधून घेतली.

का घेतली, ते सांगते. झाकण बरणीला झाळायचं काम मला फार सोपं वाटत होतं. चाचांनी एक करून दाखवलं होतं. मी रोज स्पिरिटचे दिवे पेटवत होते, काच वाकवत होते, आम्लं मोजत होते. एवढं कामसुद्धा दुसऱ्यावर का टाकायचं? दोन करून नेईन आणि आबांपुढं ठेवीन, असा विचार होता. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत कुणी नसताना मी दिवा पेटवला आणि पहिली बरणी जाळीवर ठेवली.

आधी काहीच झालं नाही. मी थोडं वाकून बघितलं. मग बरणीचं पोट एकदम खाली बसलं, मान कलली आणि जाळीतून सगळी बरणी थेंबाथेंबानं फरशीवर उतरली. एका श्वासाचा खेळ. मी दिवा विझवला. फरशीवर रुपेरी चकती पडली होती. ती निवल्यावर मी सुरीनं खरवडून काढली आणि रुमालात बांधली. दुसरी बरणी तशीच परत नेली. चाचांकडून डबा घेताना मी ती आणि दोन्ही झाकणं मुकाट्यानं त्यात टाकली. कागद मात्र चाचांकडंच राहिला. फळ्यांचं एक माप बघायचं राहिलंय, उद्या देतो, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबांचा ताप उतरला. चहासुद्धा घ्यायच्या आधी त्यांनी वर्तमानपत्र पसरलं.

"झाकणं बारा," ते म्हणाले. "बरण्या अकरा."

त्यांनी पुन्हा मोजल्या. पुड्या उलट्या करून झटकल्या. मी स्टोव्हशी पाठमोरी उभी होते. मी तोंड उघडलं होतं, हे मला आजही आठवतं. पण तोंडातून आलं ते एवढंच, "पडली असेल कुठंतरी."

"पडत न्हाई. काल डबा दिवसभर त्येच्याकडं हुता न्हवं?"

"होता. पण—"

"कल्हईवाल्याला कथलाचं मोल म्हाईत. आन् तू म्हनलीस, सोडून हलले न्हाई म्हून?"

मी असं म्हणाले नव्हते. पण डबा सोडून गेले होते हे खरं होतं, आणि त्यांनी तेवढंच धरलं. एका खऱ्या चुकीवर रागवून घेतलं की दुसरी आपोआप झाकली जाते, हे मला त्या सकाळी कळलं आणि मी तिच्याआड उभी राहिले. वाटलं, दोन दिवस आबा धुमसतील, मग विसरतील. नाहीतर मीच एखाद्या दिवशी हसत हसत सांगून टाकीन.

आबा धुमसले, पण माझ्यापाशी नाही. खाली नळावर त्यांनी हवालदारांना सांगितलं. आबांच्या मनात फक्त बरणी होती. हवालदारांना बरणीचं काही देणंघेणं नव्हतं. विलायतेहून पार्सल आलं, त्यात रेल्वेच्या डब्याचा मापांसकट नकाशा होता आणि तो नकाशा आता बोळातल्या कल्हईवाल्याकडं आहे, एवढं त्यांनी ऐकलं. आबांना त्यांनी विचारलंसुद्धा, "मालबाबू, तो माणूस मूळचा कुठला?" आबा म्हणाले, "कुणास ठावं." चाचांचा जन्म सांगलीतलाच होता, आणि हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परतताना बोळाच्या तोंडाशी गर्दी दिसली. चाचांच्या दुकानातली सगळी भांडी रस्त्यावर पसरलेली होती. लोकांची होती ती, कल्हईला आलेली. एक पोलीस शिपाई कोळशाची पाटी उपडी करून काठीनं ढवळत होता. दुसऱ्याच्या हातात साहेबांचा कागद होता. चाचा भिंतीला टेकून, दोन्ही हात पोटाशी धरून उभे होते. मागे कुणीतरी कुजबुजलं, "स्टेशनाचा नकाशा सापडला म्हनं."

मला दहा पावलं पुढं जायचं होतं. हा कागद माझा आहे, ही खेळण्यातली गाडी आहे, एवढी दोन वाक्यं बोलायची होती. चाचांनी मला बघितलं. त्यांनी हाक मारली नाही, बोटही दाखवलं नाही. मी तिथंच उभी राहिले आणि शिपाई त्यांना घेऊन गेले, तेव्हा मागं वळून दुसऱ्या रस्त्यानं घरी आले.

संध्याकाळी त्यांना सोडलं. ठाण्यातल्या कुणा जाणत्या माणसानं कागद नीट वाचला आणि हा खेळ आहे हे त्याला कळलं, असं नंतर समजलं. पण बोळाला ते कुणी सांगायला गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला न जाता दुकानाशी गेले, तेव्हा बायका आपापली भांडी उचलून नेत होत्या. काहींची कल्हई झालेलीच नव्हती. एकीनं पातेलं आत-बाहेर फिरवून बघितलं, जणू त्यात काही लपवलेलं असावं.

त्या गेल्यावर मी रुमाल सोडला आणि चकती चाचांपुढं ठेवली.

त्यांनी ती उचलली, अंगठ्यानं घासली, कडेनं वाकवून बघितली. "बरनी हाय ही," ते म्हणाले. "वितळलीय. कुनाच्या हातनं?"

"माझ्या."

"कवा?"

"डबा तुमच्याकडं होता त्या दिवशी. कॉलेजात."

त्यांनी चकती एकदा उलटी करून बघितली. मी रडायला लागले, तर म्हणाले, "रडू नगंस ताई, लोक बघत्यात. मला आनी त्रास हुईल." मग त्यांनी चकती रुमालावर परत ठेवली. "बाबूजीस्नी सांगितलंस?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपेग? म्या घेतली न्हाई हे मला ठावंच हाय."

मी घरी आले. आबा खिडकीशी बसले होते. मी त्यांच्यापुढं रुमाल ठेवला आणि सगळं सांगितलं, बोळाच्या तोंडाशी नुसती उभी राहिल्याचंही. मला वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांनी चकती डाव्या तळहातावर घेतली आणि विचारलं, "त्येला बोळातनं चालवत नेला?"

"हो."

"समद्यांच्या म्होरं?"

"हो."

मग ते बोलायला लागले. हळदीचं पोतं कमी आल्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. ती नेहमी साहेबांच्या चांगुलपणाची गोष्ट असायची. साहेबांनी दुसऱ्या डब्यात जाऊन पोतं शोधलं आणि आबा सुटले, इथं ती संपायची. त्या दिवशी आबांनी तिचा मधला भाग सांगितला. पोतं सापडेपर्यंत त्यांना फलाटावर अंगातला सदरा काढून उभं केलं होतं. गाडी लागलेली होती. डब्यातले लोक खिडकीतून बघत होते. एका बाईनं आपल्या मुलाला दाखवलं, "तो बघ चोर." आबा म्हणाले, "पोतं घावलं तवा गाडी निघून गेल्याली. त्या बाईला कोन सांगनार, पोतं घावलं म्हून?"

त्यांनी काठी घेतली. मी बरोबर निघाले तर म्हणाले, "तू थांब," आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा म्हणाले, "न्हाई, चल. तूच सांग."

ठाण्यात मी सांगितलं. आबांनी डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहून दिलं की घट आमच्या घरात झाली, दुसऱ्या कुणाचा दोष नाही. ठाण्यातल्यांनी साहेबांचा कागद परत दिला. तिथला अंमलदार वैतागून म्हणाला, "एवढ्याशा बरणीसाठी!" आबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. तिथून आम्ही बोळात गेलो.

"माझं चुकलं," आबा उभ्यानंच म्हणाले.

चाचा भट्टीतली राख काढत होते. "बाबूजी, हितं कुनी न्हाई. हितं म्हनून काय फायदा? कालपास्नं भट्टी थंड हाय."

आबांना ते समजलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची सगळी पितळेची भांडी माझ्याकडून पाटीत भरून घेतली आणि दुकानाशी आणली. कल्हईची गरज नव्हती त्यांना. मग ते उपड्या डब्यावर बसले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यानं थांबून बघितलं की मोठ्यानं सांगायचे, "मी ह्येंच्यावर आळ घेतला. खोटा हुता. माल माझ्याच घरात घटला." सकाळी दहा ते बारा, ऑफिसला गेल्यासारखे, जवळजवळ महिनाभर. मला ते ऐकवत नसे. एकदा मी म्हणाले, "आबा, आता पुरे." ते म्हणाले, "घट कुनाच्या हातनं झाली ते सांगत न्हाई म्या, एवढंच तुझ्यासाठी करतो. बाकी गप ऱ्हा."

हवालदारांनाही त्यांनी बोळात चला म्हणून सांगितलं. हवालदार आले नाहीत. "काळजी घेतली त्यात काय चुकलं?" एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर नळावर दोघांचं बोलणं राहिलं नाही.

गिऱ्हाइकं हळूहळू आली. आधी कंदील आले, मग बादल्या, जेवणाची भांडी सगळ्यात शेवटी. काही घरं आलीच नाहीत. चाचांनी महिनाभर वाघिणीला हात लावला नाही आणि आम्ही विचारलंही नाही. मग एक दिवस त्यांनी स्वतःच विचारलं, "ती चकती हाय का फेकली?" मी आणून दिली. त्यांनी नदीची बारीक वाळू गाळून, किंचित गूळपाण्यात भिजवून दोन छोट्या डब्यांत ठेचून भरली. चांगली बरणी तिच्यात दाबून अर्धा-अर्धा ठसा घेतला. चकती पळीत वितळवली, थोडं आपलं कथील टाकलं आणि ओतली. पहिली फुसकी निघाली. दुसरीचं तोंड भरलं नाही. तिसरी आली ती जरा लठ्ठ होती आणि अंगाला वाळूचे दाणे उठले होते, पण बरणी होती. तिला झाकण झाळायच्या वेळी चाचांनी सळई भट्टीतून काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती ओल्या फडक्यावर टेकवली. "आवाज बंद हुंदे," ते म्हणाले. "आता मोज तीन." मी झाळलं.

वाघीण पुरी झाली. आरशावर तिची चारही चाकं टेकली. आबांनी ती फुंकरीनं ढकलून बघितली आणि म्हणाले, "खरं लिवत हुता साहेब."

त्या दिवसापासून आबा साहेबांबद्दलच काय, चाचांबद्दलही निर्धास्त झाले. माझ्याबद्दल मात्र नाही. ते मला पुन्हा कधी टाकून बोलले नाहीत, पण मी भाजी आणली की पिशवीत एक नजर जायची, कॉलेजातून उशिरा आले की कारण ऐकून घेतल्यावरही ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहायचे. मी सांगेन ते खरं असेल असं गृहीत धरणं त्यांनी सोडून दिलं होतं. मला ते वर्षानुवर्षं बोचलं, आणि तक्रार करायला जागा नव्हती.

साहेबांना त्यांनी सगळं कळवायला लावलं. पत्र मलाच लिहायचं होतं. बरणी माझ्या मुलीनं वितळवली आणि ती गप्प बसली, हे वाक्य मी इंग्रजीत जरा गुळगुळीत केलं. आबांना तेवढं इंग्रजी येत होतं. त्यांनी ते खोडायला लावलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. साहेबांनी माझ्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं. वाळूत काय मिसळलं, ठसा कसा काढला, सळई किती निववली, हेच सगळं विचारलं होतं आणि त्या कारागिराला माझा नमस्कार सांगा, असं शेवटी होतं. आबा पत्र घेऊन मला बोळात घेऊन गेले. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होते. चाचा भाता हलवता हलवता ऐकत होते आणि खुशीत आले होते. "लिवा त्यांस्नी, वाळू कृष्णेची हाय," ते म्हणाले. "तिकडली चालती का बघा म्हनावं."

एवढ्यात बोळातून एक शिपाई आला. तपासणीला आलेल्यांपैकी नव्हता, दुसराच कुणी. परदेशी तिकिटाचं पाकीट बघून तो थांबला. "कसलं पत्र?"

"माझं हाय," आबा म्हणाले आणि त्यांनी ते त्याच्यापुढं धरलं. "वाचा."

त्यानं पत्र उलटसुलट केलं, तिकिटावर बोट फिरवलं, पाकिटात डोकावून बघितलं आणि परत दिलं. "ठीक आहे," म्हणाला आणि चालायला लागला. तो बोळाच्या टोकाला वळून दिसेनासा होईपर्यंत चाचांचा हात भात्यावर तसाच थांबलेला होता. मग त्यांनी भट्टीत दोन कोळसे टाकले आणि मला म्हणाले, "हां ताई, वाच म्होरं."